सर्व्हरसाठी मुक्तस्रोत प्रणाली : कोकणातल्या गावाच्या गरजेतून

मालवण तालुक्यात गड नदीच्या काठी, भरतगडाच्या आसऱ्याला अनेक वाड्यांत विखुरलेले मसुरे हे गाव आंगणेवाडीच्या भराडी देवीमुळे महाराष्ट्रभर ठाऊक असले, तरी संगणकाच्या संदर्भात त्याचे नाव सहसा घेतले जात नाही. सर्व्हर म्हटले की पुण्यामुंबईच्या वातानुकूलित इमारतींतील यंत्रांच्या रांगाच डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः इतर संगणकांना माहिती किंवा सेवा पुरवण्यासाठी सतत चालू ठेवलेला कोणताही संगणक हा सर्व्हरच असतो, आणि या अर्थाने पाहिल्यास शाळेच्या संगणककक्षात धडे व नोंदी साठवणारे यंत्र, ग्रंथालयाची पुस्तकसूची सांभाळणारे यंत्र किंवा पतसंस्थेच्या कार्यालयात खात्यांच्या नोंदी ठेवणारे यंत्र यांचा विचार मसुऱ्याएवढ्या गावालाही करावा लागतो. अशा यंत्रावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी, हा प्रश्न बहुधा यंत्र विकणाऱ्यावर सोपवला जातो. मात्र त्या निर्णयाचे परिणाम पुढे पाच-दहा वर्षे संस्थेलाच भोगावे लागत असल्याने तो संस्थेने स्वतः समजून घेऊन करणे अगत्याचे आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचा कारभार पाहणारी व इतर सर्व प्रोग्रामना त्यांचा वाटा नेमून देणारी मूलभूत प्रणाली. तिची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला वाचता येण्याजोगा मजकूर, सर्वांना खुली असेल आणि ती वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची परवानगी कायदेशीर परवान्याने दिलेली असेल, तर ती प्रणाली मुक्तस्रोत ठरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्स हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, यांच्या संयोगातून आज सर्वाधिक प्रचलित असलेली मुक्तस्रोत प्रणाली घडली. त्याच १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक उभा केला होता. पुढे सी-डॅकचाच परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील पाचशे सर्वाधिक वेगवान संगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी आला, तेव्हा तो लिनक्सवर चालत होता. किंबहुना नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील पाचशेच्या पाचशे संगणक लिनक्सवरच चालतात. लिनक्सची क्षमता पुरेशी आहे की नाही, हा वाद त्यामुळे कधीच संपला आहे.

खरा प्रश्न उरतो तो लिनक्सच्या कोणत्या रूपाची निवड करावी हा. नुसत्या कर्नलने काम भागत नाही; त्याच्याभोवती हजारो प्रोग्राम जमवून, त्यांच्या परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या निवडून, त्यांतील दोष दुरुस्त करत राहून जो संच वापरणाऱ्याच्या हाती दिला जातो, त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा बोलीत डिस्ट्रो म्हणतात. डेबियन, उबुंटू, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स, सुसे ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. यांतील बहुतेक प्रोग्राम सारखेच असल्याने वेग किंवा सोयी यांच्या तुलनेवर फार वेळ घालवणे व्यर्थ असते. निवड ठरावी ती तीन गोष्टींवर : डिस्ट्रोचे भवितव्य कोण ठरवतो, तिला दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहेत, आणि ती बिघडल्यास हाकेच्या अंतरावरचा कोणी माणूस ती सावरू शकेल काय.

यांतील पहिली गोष्ट किती निर्णायक ठरू शकते, हे सेंटओएसच्या इतिहासावरून कळते. रेड हॅट ही अमेरिकन कंपनी आपली प्रणाली सशुल्क सेवेसह विकते. परंतु मूळ संहिता खुली असल्याने ती घेऊन, कंपनीची नाममुद्रा काढून, तंतोतंत तशीच पण विनामूल्य प्रणाली तयार करण्याचे काम काही स्वयंसेवकांनी २००४ मध्ये सुरू केले आणि तिला सेंटओएस हे नाव दिले. दहा वर्षे टिकणारी आणि पैसे न मागणारी ही प्रणाली जगभरच्या सर्व्हरांवर पसरली. भाड्याने वेबसाइट ठेवण्याची सेवा देणाऱ्या कंपन्यांचा तर तो जणू पायाच होता. २०१४ मध्ये सेंटओएसची नाममुद्रा रेड हॅटकडे गेली, २०१९ मध्ये रेड हॅट आयबीएमच्या मालकीची झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सेंटओएस ८ ही आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल या अपेक्षेने प्रसिद्ध झाली. त्यानंतर सव्वा वर्षातच, ८ डिसेंबर २०२० रोजी, या आवृत्तीच्या दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२१ ला थांबतील असे जाहीर करण्यात आले. ज्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडून आपले सर्व्हर नुकतेच तिच्यावर नेले होते, त्यांच्या हाती एक वर्षाहून थोडाच अधिक अवधी राहिला. विनोद नव्हे तर विलक्षण गोष्ट अशी, की आधीची सेंटओएस ७ ही आवृत्ती मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली, म्हणजे नव्या आवृत्तीपेक्षा जुनी आवृत्ती अधिक जगली.

या घटनेत कोणताही करार मोडलेला नव्हता, कारण विनामूल्य घेतलेल्या वस्तूबाबत करार झालेलाच नव्हता. रेड हॅटने मुक्तस्रोत जगाला दिलेले योगदानही थोडे नाही. कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांसाठी झालेले काम आणि लोहित फॉन्ट यांचा लाभ असंख्य लोकांनी घेतला आहे. तरीही एकाच कंपनीच्या हाती निर्णय असलेली विनामूल्य प्रणाली ही त्या कंपनीच्या व्यापारी गणितावर अवलंबून असते, हे या प्रकरणाने लख्ख दाखवून दिले. संहिता खुली असल्याचा लाभही येथेच दिसला : २०२१ च्या मार्चमध्ये अल्मालिनक्स आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स अशा दोन पर्यायी प्रणाली तयार झाल्या, आणि सेंटओएस वापरणाऱ्यांना आपली माहिती व मांडणी फारशी न मोडता त्यांवर जाता आले. बंदिस्त प्रणालीच्या निर्मात्याने असाच निर्णय घेतला असता, तर हा मार्ग कोणालाही काढता आला नसता.

डेबियनची घडण याहून मुळातच निराळी आहे. इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी घोषित केलेला हा प्रकल्प कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. त्याची लिखित घटना आहे, वापरणाऱ्यांशी केलेला १९९७ चा सामाजिक करारनामा आहे, आणि जगभर विखुरलेले सदस्य दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात. मोठे वादही मतदानाला टाकले जातात. नेटवर्क कार्डासारख्या भागांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर मुख्य इन्स्टॉलरमध्ये द्यावे की नाही, हा तत्त्वाचा प्रश्न २०२२ मध्ये असाच मताने सुटला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्ये येऊ लागल्याने जुन्या-नव्या यंत्रांवर प्रणाली बसवणाऱ्याची मोठी अडचण दूर झाली. या समुदायाची वार्षिक परिषद २०२३ च्या सप्टेंबरात कोचीला भरली होती. इन्स्टॉलर सुरू करताच दिसणाऱ्या भाषांच्या यादीत मराठीही आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. पण तिची तारीख आधीपासून पंचांगात छापलेली नसते. आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस जसा ठरीव तिथीने न येता दरवर्षी देवीच्या कौलानंतर ठरतो, तशी डेबियनची आवृत्तीही गंभीर दोष निपटल्याचा कौल मिळाल्यावरच जाहीर होते. एकदा निघालेल्या आवृत्तीला सुमारे तीन वर्षे पूर्ण आणि त्यापुढे दोन वर्षे दीर्घकालीन अशा दुरुस्त्या मिळतात. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ साठी हा काळ जून २०३० पर्यंत जातो. डेबियनवरच आधारलेली उबुंटू ही कॅनॉनिकल कंपनीची प्रणाली सम वर्षांच्या एप्रिलमध्ये दीर्घ मुदतीची आवृत्ती काढते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या देते. पुढील वर्षांसाठी उबुंटू प्रो ही योजना असून व्यक्तिगत वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत विनामूल्य आहे. अल्मालिनक्स व रॉकी यांची मुदत दहा वर्षांची असते. सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभी केलेली आणि २००७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली बॉस ही भारतीय प्रणालीही याच कुळातील आहे. तिचा उद्देश स्तुत्य असला, तरी लहान संस्थेच्या सर्व्हरसाठी दुरुस्त्या जिथून उगम पावतात ती मूळ प्रणालीच घेणे अधिक सरळ वाटते.

लिनक्सबाहेरही मुक्तस्रोत प्रणाली आहेत, हे विसरले जाते. बर्कली विद्यापीठातील युनिक्सच्या परंपरेतून १९९३ मध्ये निघालेली फ्रीबीएसडी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असून, नेटफ्लिक्स आपले चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सर्व्हरांवर तीच वापरते. ती शिस्तशीर व उत्तम लिहिलेली आहे. पण कुडाळ-कणकवलीच्या परिसरात ती जाणणारा माणूस शोधण्यातच वेळ जाईल, म्हणून येथे तिची शिफारस करवत नाही.

निवडीची सुरुवात खरे तर प्रणालीपासून होऊच नये. सर्व्हरकडून कोणते काम घ्यायचे आहे ते आधी ठरवावे. उदाहरणादाखल सार्वजनिक ग्रंथालय घेता येईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड वर्गांत मोडतात, आणि गावांतील लहान ग्रंथालयांचे अनुदान पाहता परवान्यावर खर्च करण्यास तेथे फारसा वाव नसतो. ग्रंथालयाच्या कामासाठी कोहा हा मुक्तस्रोत प्रोग्राम उपलब्ध आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रामीण भागाच्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तो लिहिला गेला आणि २००० च्या आरंभी कामाला लागला. आज जगभरची लहानमोठी ग्रंथालये त्यावर चालतात. कोहाचे निर्माते आपल्या आवृत्त्या डेबियन व उबुंटूसाठी तयार स्वरूपात देतात. ग्रंथालयाने कोहा वापरण्याचे ठरवले की प्रणालीचा प्रश्न अर्धा सुटतो, आणि अल्मालिनक्सची दहा वर्षांची मुदत कितीही आकर्षक वाटली तरी तिथे डेबियनच घेणे शहाणपणाचे ठरते. उलटपक्षी एखाद्या संस्थेला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा विक्रेता केवळ रेड हॅटच्या कुळातील प्रणालीची हमी देत असेल, तर त्याच्याशी वाद न घालता अल्मालिनक्स किंवा रॉकी घ्यावे.

मराठी सूचीच्या बाबतीत एक बारीक गोष्ट प्रत्यक्ष तपासून पाहण्यासारखी आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ नंतर लगेच, ‘व’ च्या आधी येते; मराठी वर्णमालेत मात्र ते ‘ह’ नंतर येते, तर ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी. संगणकाने नुसत्या क्रमांकांनी शब्द लावले, तर ‘कला, कळा, कवी’ असा क्रम लागतो, मराठी कोशाच्या रीतीने मात्र ‘कला, कवी, कळा’ असा लागायला हवा; आणि ‘क्षितिज’ हा शब्द ‘ख’ च्या आधी जाऊन बसतो. हा क्रम ठरवणारे नियम प्रणालीतील लोकेल, म्हणजे भाषा व प्रदेश यांची मांडणी, आणि आयसीयू नावाची भाषाविषयक ग्रंथिका यांत असतात, व पोस्टग्रेससारखा डेटाबेस त्यांचा आधार घेऊ शकतो. प्रणाली बसवताना इंग्रजी लोकेल तसेच ठेवून पुढे सरकण्याची सवय असल्याने हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही आणि वाचकाला मात्र पुस्तक सापडत नाही. दहा-वीस मराठी शीर्षके भरून क्रम पाहून घेण्यास अर्धा तासही लागत नाही.

कोकणाच्या संदर्भात याहून मोठी कसोटी पावसाळ्याची असते. जून ते सप्टेंबर वादळी वारे, विजांचा कडकडाट आणि पडलेली झाडे यांमुळे वीज केव्हाही जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून गेले तेव्हा मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात विजेचे जाळेच कोलमडले होते. सर्व्हर डिस्कवर काही लिहीत असतानाच वीज गेली, तर ती नोंद अर्धवट राहण्याचा धोका असतो. एखादी फाइल वाढवायची म्हणजे डिस्कवर अनेक ठिकाणी बदल करावे लागतात : मजकूर लिहायचा, कोणत्या जागा भरल्या त्याची नोंद करायची, मोकळ्या जागांच्या यादीतून त्या वगळायच्या. यांतील दोन बदल झाले आणि तिसरा राहिला, तर प्रणालीच्या दृष्टीने डिस्कचा हिशेबच चुकतो. यावरचा उपाय जर्नल हा आहे. डेबियन व उबुंटू नेहमी वापरतात ती ईएक्सटी४ आणि रेड हॅटच्या कुळात वापरली जाणारी एक्सएफएस या दोन्ही फाइल-व्यवस्था कोणता बदल करायचा आहे ते आधी जर्नल नावाच्या राखीव जागेत लिहितात आणि मगच मूळ ठिकाणी करतात. वीज परत आल्यावर प्रणाली जर्नल वाचते, पूर्ण नोंदलेले बदल पुरे करते, अपुरे असलेले सोडून देते, आणि पूर्वी जिथे सबंध डिस्क तासन्‌तास तपासावी लागे तिथे हे काम काही सेकंदांत उरकते.

तथापि जर्नल डिस्कचा हिशेब सांभाळते. शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेला मजकूर वाचेलच अशी हमी ते देत नाही, आणि नेहमीच्या मांडणीत ईएक्सटी४ दर पाच सेकंदांनी जर्नल पक्के करत असल्याने तेवढी फट राहतेच. म्हणून खात्यांच्या किंवा देवघेवीच्या नोंदी नुसत्या फाइलींत न ठेवता स्वतःचे जर्नल राखणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवाव्यात, आणि सर्व्हरला यूपीएस जोडून त्याची यूएसबी तारही जोडावी. ही तार बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून राहते. ती जोडून नेटवर्क यूपीएस टूल्स हा मुक्तस्रोत प्रोग्राम बसवला, तर बॅटरी संपत आल्याचे कळताच तो सर्व्हर आपणहून व्यवस्थित बंद करतो. रात्री कार्यालयात कोणी नसताना वीज गेली तरी सकाळी डिस्क धड मिळते. ही सोय डेबियन, अल्मालिनक्स, फ्रीबीएसडी या सर्वांत आहे, फक्त ती कोणीतरी जोडायला हवी.

सर्व्हरसाठी नव्यात नवी आवृत्ती घेण्याचा मोह का आवरावा, हे २०२४ च्या एका प्रसंगाने समजते. फाइली आक्रसण्याच्या एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रामचे काम एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे सांभाळत होता. टोपणनावाने आलेल्या एका व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून त्याचा विश्वास संपादन केला आणि नव्या आवृत्त्यांत चोरवाट पेरली, जिच्यातून दूरस्थ प्रवेशाची एसएसएच ही सेवा परक्याच्या ताब्यात जाऊ शकली असती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला आपल्या यंत्रावरचा प्रवेश सुमारे अर्ध्या सेकंदाने लांबल्याचे जाणवले, त्याने खोदून पाहिले आणि २९ मार्च २०२४ रोजी हा कट उघडा केला. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत आणि फेडोरा या दुसऱ्या एका डिस्ट्रोच्या प्रायोगिक रूपांपर्यंत पोहोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत किंवा रेड हॅटच्या मुख्य प्रणालीत ती शिरलेली नव्हती. संथपणे पुढे जाणाऱ्या प्रणालींनी येथे लाखो सर्व्हर वाचवले. संहिता खुली नसती, तर अर्ध्या सेकंदाचा माग काढत मुळापर्यंत जाणे त्या प्रोग्रामरला जवळजवळ अशक्य झाले असते, हेही तितकेच खरे.

स्थिर म्हणजे दुरुस्त्या न घेणारी, असा मात्र अर्थ नव्हे. डेबियनमध्ये सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बेतून दिली जाते, त्यामुळे प्रोग्रामचे वागणे बदलत नाही आणि भोक तेवढे बुजते; अनअटेंडेड अपग्रेड्स हे साधन सुरू करून ठेवल्यास या दुरुस्त्या आपोआप लागतात. पावसात इंटरनेटची फायबर तुटून चार-आठ दिवस जोडणी नसली, तरी ती परत येताच राहिलेले काम पुरे होते. जुने संगणक सर्व्हर म्हणून वापरण्याची पद्धत गावांत मोठी आहे, तिच्याबाबत एक सावधगिरी : डेबियन १३ मध्ये जुन्या ३२ बिट यंत्रांसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही, आणि रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला साधारण २०१३ नंतरच्या इंटेल प्रोसेसरमधील सूचना लागतात, अल्मालिनक्सने जुन्या ६४ बिट यंत्रांसाठी निराळी आवृत्ती ठेवली आहे. यंत्र कोणते आहे ते पाहिल्याशिवाय प्रणालीचे नाव पक्के करू नये.

उरतो माणसाचा प्रश्न, आणि गावात तोच सर्वांत अवघड असतो. मालवण किंवा कणकवलीहून येणारा तंत्रज्ञ विंडोज जाणतो, लिनक्स सर्व्हरचा अनुभव त्याला असेलच असे नाही, आणि प्रणाली विनामूल्य मिळाली तरी तिची देखभाल विनामूल्य होत नाही, हे संस्थेच्या कार्यकारिणीला आधीच सांगितले पाहिजे. परवान्याचे वाचलेले पैसे वर्षाच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावेत. शिकण्याची साधने मात्र पूर्वीसारखी दुर्मीळ नाहीत : मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सवरचे पाठ मराठीतून उपलब्ध केले आहेत, आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारल्यापासून या कौशल्याला नोकरीच्या दृष्टीनेही किंमत आली आहे. गावातील बारावी झालेल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने सहा महिने चिकाटीने हात फिरवला, तर एक डेबियन सर्व्हर सांभाळणे त्याच्या आवाक्यात येते. तिथे महागडी प्रमाणपत्रे लागत नाहीत.

या व्यक्तीच्या हाती एक वही असावी : यंत्राचा प्रोसेसर व डिस्क, प्रणालीची आवृत्ती, दुरुस्त्या बंद होण्याची तारीख, बसवलेले प्रोग्राम, केलेला प्रत्येक बदल आणि माहितीची प्रत कोणत्या डिस्कवर, कोणाच्या घरी ठेवली आहे ते, असे सारे तिच्यात लिहावे, पासवर्ड मात्र निराळ्या बंद पाकिटात ठेवावेत. दरवर्षी मिरग निघण्याआधी ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून सूची किंवा खाती खरोखर उघडतात काय हे पाहावे, कारण कधीच उतरवून न पाहिलेली प्रत ऐन वेळी रिकामी निघाल्याचे प्रकार सर्वत्र घडतात. डेबियन १३ बसवलेल्या संस्थेला २०२९ च्या दिवाळीनंतरच्या कोरड्या हंगामात पुढच्या आवृत्तीकडे जाण्याचे काम हाती घ्यावे लागेल, आणि तोवर आज सर्व्हर सांभाळणारी मुलगी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गावाबाहेर गेलेली असण्याचा संभव मोठा आहे, असे धरूनच ती वही पहिल्या दिवसापासून दुसऱ्या कोणाला वाचता येईल अशी लिहावी लागते.